जुनाट खोकला आणि घरातील शुचिता

मराठी कुटुंब कोठेही स्थिरावलेले असो, इंदूरला असो, बडोद्याला असो, तंजावरला असो की तापीकाठच्या बहादरपुरला असो, त्याच्या घरात स्वच्छतेची एक परंपरागत कल्पना नांदत असते. पहाटेचा सडा, घासून लखलखीत केलेली पितळी भांडी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहणाऱ्या चपला, उष्ट्या-खरकट्याचा विचार, ही सारी तिचीच रूपे होत. ती आम्हांस प्रिय आहे आणि तिचा अभिमानही आहे. परंतु घरात एखाद्या माणसाला छातीचे जुनाट दुखणे जडले की नेमकी हीच कल्पना अडचणीत येते. कशाला जपावयाचे आणि कशाला भ्यावयाचे, हेच घराला उमगेनासे होते. ताट-वाटी निराळी होते, पण खिडकी मिटलेलीच राहते. नातवंडांना आजोबांच्या अंथरुणापासून दूर ठेवले जाते, पण आजोबांची थुंकी अंगणातल्या मातीवर पडतच राहते. शिवाशिवीचा बंदोबस्त चोख होतो आणि वाऱ्याचा मात्र कोणी विचारच करीत नाही.

प्रस्तुत लेखात या गोंधळाचा थोडा उलगडा करण्याचा आमचा हेतू आहे. हा लेख वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. औषध डॉक्टरांनीच द्यावयाचे. पण दिवसाचे चोवीस तास रुग्ण डॉक्टरांच्या नव्हे, तर घरच्या माणसांच्या सान्निध्यात असतो. तेव्हा घराने काय करावे, हा प्रश्न आपलाच आहे.

मागांचे गाव, पाण्याचे गाव

बहादरपुर हे बऱ्हाणपूरला लागून असलेले गाव. इतिहासाच्या वाचकांना हे नाव परके नाही. १६८१ साली संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत हंबीरराव मोहिते यांच्या फौजेने बऱ्हाणपूरच्या ज्या श्रीमंत पुऱ्यांवर धाड घातली, त्यांत बहादरपुऱ्याचे नाव आघाडीवर येते. ही श्रीमंती मुख्यतः कापडाच्या व्यापाराची होती. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. व्यापाराचे ते वैभव गेले, पण कापड मात्र गेले नाही. आजही या परिसरातील हजारो कुटुंबांची चूल यंत्रमागावर पेटते.

बऱ्हाणपूरची दुसरी ओळख म्हणजे पाणी. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खान-ए-खानान याच्या काळात येथे भूमिगत जलवाहिनीची योजना झाली. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एकमेकांस जोडलेल्या शंभराच्या आसपास कुंड्यांच्या मार्गाने शहराकडे आणले गेले. 'कुंडी भंडारा' या नावाने ती योजना आजही पाहावयास मिळते. आणि अगदी अलीकडे, २०२२ च्या जुलै महिन्यात, ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा ठरला तो बऱ्हाणपूरच.

सूत आणि पाणी या दोन गोष्टींचा उल्लेख येथे सहज म्हणून केलेला नाही. छातीच्या जुनाट दुखण्यात घराने ज्या बाबींकडे लक्ष द्यावयाचे, त्यांत हवा, धूळ आणि पाणी याच प्रमुख आहेत. म्हणूनच हा विषय बहादरपुरच्या निमित्ताने मांडणे आम्हांस इष्ट वाटले.

एकाच खोकल्याची तीन नावे

'छातीचा जुना संसर्ग' हा शब्दप्रयोग मोघम आहे. त्याखाली निदान तीन निरनिराळ्या अवस्था येतात आणि प्रत्येकीची पथ्ये वेगळी आहेत.

पहिला अर्थातच क्षय. जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी त्याचा जंतू ओळखल्याचे जाहीर केले. पण जंतू सापडणे आणि औषध सापडणे यांत साठ वर्षांचे अंतर पडले. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यास याच रोगाने गेल्या. तेव्हा जंतू ठाऊक होता, उपाय नव्हता. आज उपाय आहे. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि तो नेमाने पुरा केला तर बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. तरीही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आजही भारतात आहेत, हे विसरता येत नाही.

दुसरी अवस्था क्षय बरा झाल्यानंतरची. आग विझली तरी भिंती काळवंडतात, तसे जंतू मेले तरी फुफ्फुसातील श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल होऊन बसतात. त्यांत कफ साचतो, साचलेल्या कफात इतर जंतू घर करतात आणि माणूस वर्षानुवर्षे खोकत राहतो. याला डॉक्टर 'ब्रॉंकिएक्टॅसिस' म्हणतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत देशभरच्या ३१ केंद्रांतील २,१९५ अशा रुग्णांची नोंद होती. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक जणांच्या दुखण्याचे मूळ पूर्वीच्या क्षयात सापडले. या माणसांना क्षय 'झाला होता'. आज तो 'आहे' असे नव्हे. हा काळाचा फरक केवळ व्याकरणाचा नाही, सबंध घराच्या वागणुकीचा आहे.

तिसरी अवस्था कमी परिचयाची. क्षयजंतूंचेच काही चुलत भाऊबंद माती आणि पाणी यांत सर्वत्र असतात. निरोगी माणसाला त्यांचा बहुधा उपद्रव होत नाही. पण आधीच दुखावलेल्या फुफ्फुसात ते ठाण मांडू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते क्षयजंतूंसारखेच दिसतात, म्हणून पुष्कळदा रुग्णाला क्षयाचेच औषध चालू राहते आणि गुण येत नाही. हे जंतू सामान्यतः माणसाकडून माणसाला लागत नाहीत; ते परिसरातून येतात. यांचे निदान जंतूंची जात ठरविणाऱ्या तपासणीनेच होते.

तात्पर्य, पहिल्या अवस्थेत रुग्णापासून घराला जपावयाचे असते, तर दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत घरापासून रुग्णाला. स्वच्छतेच्या या दोन दिशा आहेत. आपल्या घरांतून सरसकट एकच दिशा पाळली जाते आणि घोटाळा तेथेच होतो.

रुग्णापासून घराला : वारा, ऊन आणि थुंकी

क्षय पसरतो तो हवेतून. रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात. ते सुकून बंद खोलीच्या हवेत तासन् तास तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासाबरोबर आत जातात. ताट, वाटी, पेला, कपडे, अंथरूण किंवा हाताचा स्पर्श यांतून क्षय पसरत नाही. भांडी नेहमीप्रमाणे साबणाने घासली की पुरे. निराळ्या ताटाने कोणाचेही रक्षण होत नाही. फक्त एका माणसाचे मन मोडते.

या बाबतीत आपल्या देशाने जगाला शिकविलेला एक धडा सांगण्यासारखा आहे. १९५० नंतरच्या दशकात क्षयरोग्याला दूरच्या आरोग्यधामात ठेवणे हाच उत्तम उपाय मानला जाई. मिरजेजवळचे वानलेसवाडी, पुण्याजवळचे औंध ही नावे जुन्या पिढीच्या कानांत आहेत. त्याच काळात मद्रासच्या केंद्रात एक तुलना करण्यात आली. काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या स्वतःच्या, दाटीवाटीच्या व गरिबीच्या घरांत ठेवून तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात घरच्या उपचाराचा गुण जवळपास तितकाच आला. पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यावर असेही दिसले, की घरी औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक क्षय झाला नाही. घरच्यांना जो संसर्ग व्हावयाचा, तो बहुतांशी निदानापूर्वीच्या काळात झालेला असतो. या प्रयोगानंतर जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली.

म्हणून घरची पहिली स्वच्छता म्हणजे लवकर तपासणी. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, थुंकीत रक्त दिसणे, यांपैकी काहीही असले तरी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. अलीकडे वापरात आलेले 'ट्रूनॅट' हे यंत्र गोव्यातील कंपनीने विकसित केलेले आहे. त्यावर क्षयाचे निदान तर होतेच, शिवाय मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही, हेही कळते.

दुसरी स्वच्छता औषधाची. योग्य औषध सुरू झाले की रुग्णापासूनचा संसर्ग पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने उतरतो. म्हणजे गोळी ही रुग्णाचे औषध आहे, तशीच घराची ढालही आहे. मात्र बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडल्या तर ही ढाल गळून पडते. लघवी नारंगी दिसू लागली म्हणून पुष्कळ रुग्ण घाबरतात. एका औषधाचा तो रंग असतो, भिण्याचे कारण नाही. पण डोळे पिवळे झाले, अन्न अगदी नकोसे झाले किंवा दृष्टी मंदावली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयात मुदतही निराळी आणि काळजीही अधिक. तेथे डॉक्टर सांगतील तेच प्रमाण.

तिसरी स्वच्छता वाऱ्याची. रुग्णाची खोली घरातील सर्वांत उजेडाची आणि हवेशीर असावी. समोरासमोर दार-खिडकी उघडी असली तर उत्तमच. उन्हाने हे जंतू मरतात, तेव्हा पडदे दिवसा बाजूला सारावेत. पहिल्या आठवड्यांत रुग्णाने शक्यतो निराळ्या खोलीत निजावे. इतर माणसे जवळ असताना नाका-तोंडावर मुखपट्टी किंवा स्वच्छ फडके बांधावे, आणि खोकताना रुमाल धरावा. लहान मुले व वृद्ध यांना बंद खोलीत रुग्णाजवळ फार वेळ बसवू नये. अंगणात, गच्चीवर बसून गप्पा मारण्यास मात्र काहीच हरकत नाही. बाळंतिणीला क्षय असला तरी बाळाचे अंगावरचे दूध तोडू नये. तिने मुखपट्टी लावून पाजावे आणि बाळाला द्यावयाच्या प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे.

चौथी स्वच्छता थुंकीची. पूर्वी आपल्या घरांतून तस्त असे, तसे रुग्णाजवळ घट्ट झाकणाचे भांडे असावे. त्यात थोडे जंतुनाशक घालून ठेवावे. थुंकी रोज उकळून शौचकूपात ओतावी, किंवा जाळावी, अथवा खोल पुरावी. कागदात टिपलेला कफ जाळून टाकावा. ही कामे झाल्यावर हात साबणाने धुवावेत. रस्त्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, मोरीत थुंकणे कटाक्षाने टाळावे. तंबाखूचा विडा आणि मिश्री या दोन्ही सवयी थुंकण्याला खतपाणी घालतात, तेव्हा त्या सुटल्या तर दुहेरी लाभ.

पाचवी, घरच्या सर्वांची तपासणी. एकाला क्षय निघाला की एकत्र राहणाऱ्या सर्वांना तपासून घ्यावे. ज्यांना रोग नाही, त्यांच्यासाठी आता प्रतिबंधक उपचारही उपलब्ध आहे. जंतूचा संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधीच रोग होत नाही. दहांतून एखाद्यालाच होतो. मात्र मधुमेह असणाऱ्यांना धोका दुपटी-तिपटीने अधिक असल्याने त्यांनी विशेष जागरूक राहावे.

एका ताटाची गोष्ट

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील हकीकत येथे सांगतो. आजोबांना वीस वर्षांपूर्वी क्षय झाला होता. औषधाचा पुरा क्रम घेऊन ते बरेही झाले होते. गेल्या काही वर्षांत त्यांचा खोकला वाढला. सकाळी वाटीभर कफ पडे. आजींनी निर्णय दिला, "सूनबाई, यांचे ताट आजपासून निराळे ठेव. जुने दुखणे उलटलेले दिसते." सूनबाई मुकाट्याने "बरं, आई," म्हणाल्या. आजोबा माजघरातून मागच्या खोलीत गेले. उन्हाळा होता, म्हणून त्यांच्या उशाशी वाळ्याच्या पडद्यांचा जुना कूलर लावून दिला आणि गार हवा वाया जाऊ नये म्हणून खिडकी बंद केली.

नातीच्या लग्नाची बोलणी त्याच सुमारास खानदेशातील एका घराशी चालू होती. मुलाकडची मंडळी घर पाहावयास आली, तेव्हा ते निराळे ताट त्यांच्या नजरेस पडले. कोणी काही विचारले नाही, कोणी काही सांगितले नाही. पण पत्रे थांबली. घरात ज्या रोगाचे नावही कोणी उच्चारीत नव्हते, तो एका ताटाने चारचौघांत जाहीर केला होता, आणि तोही असा रोग, की जो घरात नव्हताच!

शेवटी सूनबाईंनीच धीर केला आणि सासऱ्यांना तपासणीस नेले. थुंकीत क्षयजंतू निघाले नाहीत. फुफ्फुसाच्या चित्रात रुंदावलेल्या श्वासनलिका दिसल्या. डॉक्टरांनी घराची चौकशी केली आणि कूलरचे पडदे कधी बदलले होते, असे विचारले. ते कोणालाच आठवेना. पडदे बुरशीने काळे पडले होते. घरी आल्यावर सूनबाई सासूबाईंना म्हणाल्या, "आई, ताटाचा काहीच दोष नाही हो. आपण मामंजींना आपल्यापासून दूर केलं, आणि त्या कूलरच्या मात्र जवळ नेऊन ठेवलं."

आजोबा पुन्हा पंक्तीत बसू लागले. पुढे ते स्वतःच तपासणीचा कागद खिशात घालून मुलाकडच्या वडीलधाऱ्यांना भेटावयास गेले आणि सारे खुलेपणाने सांगून आले. बोलणी पुन्हा सुरू झाली. जी गोष्ट लपवून बिघडली होती, ती सांगून सावरली.

घरापासून रुग्णाला : पाणी, धूळ आणि बुरशी

आता दुसरी दिशा. ज्याचे फुफ्फुस आधीच दुखावले आहे, त्याला घरातील ज्या गोष्टींपासून जपावयाचे, त्या बहुधा अगदी साळसूद दिसतात.

कूलरचेच पाहा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फुफ्फुसविकारांच्या एका भारतीय नोंदणीत १,०८४ रुग्ण होते. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांचा विकार श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पिसे यांसारख्या गोष्टींशी शरीराचे वाकडे आल्याने झालेला निघाला. आणि त्यांतही जवळजवळ निम्म्यांच्या घरी कूलरचा संबंध आढळला. निमाड-माळव्याच्या उन्हाळ्यात कूलर सोडा म्हणणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. पण पडदे दरवर्षी बदलावेत, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी, आणि छातीच्या रुग्णाच्या खोलीत तो शक्यतो लावूच नये. कबुतरांची घरटी आणि त्यांची विष्ठा खिडकीच्या कट्ट्यावर साचू देऊ नये. भिंतीला ओल आली असेल तर आधी ओलीचे मूळ शोधावे. वरून चुना फासल्याने बुरशी जात नाही.

पाण्याविषयी एक गैरसमज आढळतो. पिण्यास योग्य असलेले पाणी सर्व कामांस योग्य, असे नव्हे. वर सांगितलेले मातीपाण्यातील जंतू नळाच्या आतील बुळबुळीत थरात टिकून राहतात आणि क्लोरीनला सहजी दाद देत नाहीत. पोटासाठी ते बहुधा निरुपद्रवी असतात; तुषारांच्या रूपाने छातीत गेले तर उपद्रव करतात. म्हणून अशा रुग्णाने बंद न्हाणीघरात फवाऱ्याखाली उभे राहण्यापेक्षा आपली जुनी बादली-तांब्याची आंघोळ पत्करावी आणि झरोका उघडा ठेवावा. गच्चीवरची टाकी झाकलेली असावी आणि ठराविक काळाने घासावी. ज्या रुग्णांच्या कफात हे जंतू सापडले आहेत, त्यांच्यासाठी पाणी दहा मिनिटे खळखळ उकळावे.

वाफारा देणाऱ्या यंत्राची, म्हणजे नेब्युलायझरची निगा तर फारच महत्त्वाची. औषधाची वाटी आणि मुखपट्टी प्रत्येक वापरानंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी, उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावी आणि स्वच्छ फडक्यावर पूर्ण वाळू द्यावी. जे भाग उकळता येतात असे पत्रकात म्हटले असेल, ते रोज उकळून घ्यावेत. ओली वाटी डब्यात बंद करून ठेवणे म्हणजे जंतूंना विरजण लावण्यासारखेच आहे. त्यात घालावयाचे मिठाचे पाणी निर्जंतुक, औषधाच्या दुकानातील कुपीतलेच असावे. घरी मीठ विरघळवून केलेले पाणी चालत नाही. एकाची मुखपट्टी दुसऱ्याने वापरू नये. श्वासातून घ्यावयाच्या काही औषधांनंतर चूळ भरणे आवश्यक असते, अन्यथा तोंडात पांढरा बुरा येतो.

केर काढण्याच्या बाबतीत मात्र आपल्या आजींचीच रीत शास्त्रशुद्ध ठरते. आधी पाण्याचा शिडकावा, मग केरसुणी. कोरड्या झाडूने उडालेली धूळ तासभर हवेत राहते. ओल्या फडक्याने फरशी पुसणे सर्वांत उत्तम. केर काढताना, गाद्या झटकताना, धान्य पाखडताना, मिरची कुटताना रुग्णाने खोलीबाहेर असावे. कुंड्यांतील माती चाळण्याचे काम त्याने करू नये. करावयाचेच तर माती ओली करून आणि तोंड बांधून करावे. चुलीचा धूर, उदबत्ती, ऊद आणि डास पळविणाऱ्या कांड्या यांचाही या फुफ्फुसाला त्रासच होतो. देवापुढे निरांजन लावावे. धुपाचा आग्रह घरच्या माणसाच्या श्वासापेक्षा मोठा नाही.

याबरोबरच कफ बाहेर काढणे हीही एक स्वच्छताच आहे. भांड्याच्या तळाशी साचलेले खरकटे जसे आंबते, तसा छातीत साचलेला कफ. डॉक्टर किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्याकडून श्वासाचे व्यायाम, कुशीवर निजून कफ मोकळा करण्याची रीत शिकून घ्यावी आणि ती दात घासण्याइतक्या नेमाने रोज करावी. पाणी भरपूर प्यावे. फ्लू व न्यूमोनिया यांच्या प्रतिबंधक लसींविषयी डॉक्टरांना विचारावे. कफाचा रंग गडद झाला, प्रमाण वाढले, ताप आला किंवा रक्त पडले तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नयेत.

धाग्याची हवा, माणसाची हवा

बहादरपुर-बऱ्हाणपूरसारख्या विणकरांच्या वस्तीत एक पेच अधिकच आहे. कोरड्या हवेत सूत तुटते, वाऱ्याने ताणा बिघडतो. म्हणून मागाची खोली दमट आणि बंद ठेवण्याकडे कल असतो. धाग्याला मानवते ती हवा माणसाच्या छातीला मानवत नाही. जेथे माग आणि निजण्याची जागा एकाच छपराखाली आहेत, तेथे हा पेच रात्रंदिवसाचा होतो.

कापसाच्या धुळीने होणारा विकार संसर्गजन्य नव्हे; तो 'बिसिनोसिस' नावाने ओळखला जातो. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे जुने लक्षण होय. पिंजण आणि सूतकताईच्या खात्यांत तो अधिक आढळतो. परंतु क्षय आणि कापसाची धूळ एकाच फुफ्फुसात भेटली की एकाचे लक्षण दुसऱ्यावर ढकलले जाते आणि "धुळीचाच खोकला" म्हणून महिनेच्या महिने वाया जातात. अशा वस्तीत दोन आठवड्यांचा नियम अधिकच कसोशीने पाळावयास हवा.

जुन्या मागांवर धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून काढण्याची रीत पश्चिमेतील गिरण्यांत होती. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच कायद्याने तिला मनाई केली. जेथे कोठे ही सवय शिल्लक असेल, तेथे हाताने ओवण्याचा धोटा वापरावा. पाळी बदलताना खोलीची दारे-खिडक्या उघडून हवा पालटू द्यावी, मागाखालची रुई झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, कामाचे कपडे निजण्याच्या खोलीत नेऊ नयेत, आणि माग चालू असलेल्या खोलीत लहान मुलांना निजवू नये. यांतील कोणत्याही गोष्टीला पैसा लागत नाही.

दाबलेला खोकला

आता वाचकभगिनींना एक विशेष सांगणे आहे. मातीपाण्यातील जंतूंनी होणारा फुफ्फुसाचा एक प्रकार प्रौढ, सडपातळ स्त्रियांत अधिक दिसतो. १९९२ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी त्यास ऑस्कर वाइल्डच्या नाटकातील लेडी विंडरमिअर या कुलीन स्त्रीचे नाव दिले. चारचौघांत खोकणे अशिष्ट मानून या स्त्रिया खोकला दाबतात आणि कफ आतच राहतो, अशी त्यांची कल्पना होती. ती कल्पना पुढे सिद्ध झाली असे नाही. पण आपल्या घरांतून पाहिले तर दाबलेल्या खोकल्याची उदाहरणे शोधावयास नको. सासरी आलेली मुलगी पदर तोंडात धरून खोकते. माहेरी कळले तर आई-वडील काळजी करतील, सासरी कळले तर बोल लागेल, म्हणून तपासणी लांबते. मुलगा खोकला की डॉक्टर, आणि सून खोकली की आल्याचा रस, हा भेद कोणत्याही जंतूहून कमी घातक नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या लहान समाजात माणसे एकमेकांना जवळून ओळखतात. संकटात हा मोठा आधार असतो. पण रोगाच्या बाबतीत त्याचीच भीती वाटते. लग्ने जुळतात ती दूरच्या नात्यांतून, आणि बातमीही त्याच वाटेने जाते. म्हणून बरे झालेल्या माणसाला बरा झालेला म्हणणे, ही या समाजाने स्वतःवर घेण्याची जबाबदारी आहे. क्षयाचा उपचार पुरा केलेल्या मुला-मुलीच्या विवाहास त्या कारणाने आडकाठी असण्याचे कारण नाही.

पोटाची बाजू

स्वच्छतेबरोबर आहाराचाही विचार हवा. झारखंडात झालेल्या एका प्रयोगात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना धान्य, डाळ इत्यादींचा शिधा पुरविण्यात आला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी राहिले. भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध यांपैकी घरात जे बसेल ते पुरेसे आणि वेळेवर मिळणे, हे औषधाच्या बरोबरीचे आहे. उपचार चालू असेपर्यंत क्षयरुग्णाला सरकारकडून पोषणासाठी मासिक मदत मिळते. ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तेव्हा दरमहा ५०० रुपये मिळत, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. ती रुग्णाच्या बँकेच्या खात्यात जमा होते. मदत मागण्यात कमीपणा नाही. नोंदणी करून ती अवश्य घ्यावी. आणि वाढताना आधी कमावत्याला व शेवटी उरेल ते आजारी सुनेला, ही रीत सोडावी.

घरातील शुचितेची आपली जुनी कल्पना टाकून द्या, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिची दिशा तेवढी तपासून घ्यावी. सडा घालणारा हात योग्यच आहे, उंबऱ्याबाहेर चपला काढणारी सवय योग्यच आहे, झाकलेला पाण्याचा हंडा योग्यच आहे. त्यांत उघडी खिडकी, झाकणाचे थुंकीपात्र, वाळविलेली औषधाची वाटी आणि नेमाने घेतलेली गोळी यांची भर घालावी, आणि वजाबाकी करावयाची ती फक्त निराळ्या ताटाची. हा अंक हाती पडेल त्या दिवशी आपल्या घरात कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकत असेल, तर उद्याच त्या व्यक्तीबरोबर जवळच्या आरोग्यकेंद्रात जावे. तिला एकटीला पाठवू नये, सोबत जावे.